पारदर्शक घनाकृतींचा संच: मोजायला उत्तम, भरायला अपुरा

घनाकृती फळ्यावर काढून शिकवताना येणारी अडचण गणिताच्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. फळा सपाट असतो, त्यामुळे घनाच्या मागच्या तीन कडा तुटक रेषांनी दाखवाव्या लागतात. तुटक रेषेचा अर्थ ‘कड आहे, पण इथून दिसत नाही’ असा असतो, हे ज्याच्या ध्यानात येत नाही तो विद्यार्थी घनाला नऊ कडा आणि सात शिरोबिंदू असल्याचे अगदी आत्मविश्वासाने सांगतो. त्याची मोजणी चुकलेली नसते. त्याला जेवढे दिसले तेवढे त्याने बरोबर मोजलेले असते. आमच्या शाळेतला जुना लाकडी संच हातात देऊनही हा प्रश्न पुरता सुटत नव्हता, कारण लाकडाच्या आरपार दिसत नाही आणि वस्तू फिरवताना कोणती कड मोजून झाली हे मूल विसरते. म्हणून यंदाच्या जूनमध्ये मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या दहा घनाकृतींचा संच स्वतःच्या खर्चाने मागवला आणि पहिल्या सत्रात सहावी, आठवी आणि दहावी अशा तिन्ही वर्गांत तो वापरला. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

संचात घन, इष्टिकाचिती (विटेचा आकार), त्रिकोणी चिती, षटकोनी चिती, त्रिकोणी सूची आणि चौकोनी सूची (वर टोकाशी निमुळते होणारे आकार), वृत्तचिती (नळकांड्याचा आकार), शंकू, गोल आणि अर्धगोल एवढे आकार आहेत. घनाची बाजू ८ सेंटिमीटर आहे. वृत्तचिती आणि शंकू यांचा तळाचा व्यास ८ आणि उंचीही ८ सेंटिमीटर आहे. गोलाचा व्यास तेवढाच. चौकोनी सूचीचा तळ ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस असून तिची लंब उंची ८ सेंटिमीटर आहे. मापांची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. गोल वृत्तचितीत नेमका मावेल, शंकू आणि वृत्तचिती यांचा तळ व उंची एक असेल, सूची आणि घन यांचीही तीच जोडी जमेल, अशी ही योजना आहे. गोल मधोमध उघडतो आणि उरलेल्या प्रत्येक आकाराचे एक पृष्ठ झाकणासारखे निघते. सपाट पृष्ठांचे आकार, वृत्तचिती आणि शंकू यांच्यासोबत रंगीत, लवचिक पत्र्यांच्या घडणी, म्हणजे आकार उलगडून सपाट केल्यावर मिळणाऱ्या आकृती, दिलेल्या आहेत, ज्या दुमडून त्या त्या आकाराच्या आत बसवता येतात.

पारदर्शकतेचा लाभ पहिल्याच तासाला दिसला. षटकोनी चितीला ८ पृष्ठे, १२ शिरोबिंदू आणि १८ कडा असतात, आणि पाठ केल्याशिवाय ही संख्या सांगणारे मूल मला यापूर्वी क्वचित भेटले होते. या वेळी सहावीतल्या एका मुलीने चिती उभी धरली आणि वरच्या षटकोनाच्या सहा कडा, त्याच्यातून खाली दिसणाऱ्या तळाच्या सहा कडा आणि दोहोंना जोडणाऱ्या सहा उभ्या कडा असे तीन गट बोटाने दाखवले. मग कोणी न विचारताच ती म्हणाली, ‘‘बाई, म्हणजे अष्टकोनी असती तर चोवीस.’’ चितीच्या कडांची संख्या तळाच्या बाजूंच्या तिप्पट असते, हा नियम तिने आरपार पाहून मिळवला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा संच पुन्हा विकत घेईन.

सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र मला नाराजी नोंदवावी लागेल. ते तीन भाषांत छापलेले आहे आणि त्यातले मराठी हे मराठी शाळेचे मराठी नाही. त्यात इष्टिकाचितीला ‘घनाभ’, वृत्तचितीला ‘बेलन’ आणि सूचीला ‘पिरामिड’ म्हटलेले आहे. हिंदी पाठ्यपुस्तकातले शब्द तसेच उचलून मराठीच्या रकान्यात ठेवल्याचे उघड दिसते. आपल्या मुलांना लाटणे माहीत असते, बेलन नव्हे. आपले शब्द जड वाटले तरी ते अर्थ सांगणारे आहेत. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेली रास. विटेवर वीट रचत गेले की जी आकृती उभी राहते ती इष्टिकाचिती, आणि एकावर एक सारखी वर्तुळे रचत गेले की वृत्तचिती. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत विटांच्या राशींच्या गणितालाच चितिव्यवहार म्हटलेले आहे, आणि टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या खड्ड्यासाठी तिथे ‘सूची’ हाच शब्द येतो. आठशेहून अधिक वर्षे गणितात वावरणारे हे शब्द हाताशी असताना माहितीपत्रक दुसऱ्या भाषेतून उसने घ्यावे, हे योग्य नाही. मी ते पत्रक बाजूला ठेवले आणि प्रत्येक आकारावर पाठ्यपुस्तकातल्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

भाषेपेक्षा गंभीर चूक त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे. तिथे ऑयलरचे सूत्र दिले आहे आणि त्याखाली ‘हे सूत्र संचातील सर्व आकारांना लागू होते’ असे विधान केले आहे. पृष्ठांची आणि शिरोबिंदूंची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा २ ने जास्त असते, हे सूत्र घनाला (६ + ८ = १२ + २), चौकोनी सूचीला (५ + ५ = ८ + २) आणि सपाट बहुभुजी पृष्ठांच्या संचातल्या इतर सर्व आकारांना लागू होते. वृत्तचितीला मात्र पृष्ठे ३, वर्तुळाकार कडा २ आणि शिरोबिंदू शून्य. म्हणजे डावीकडे ३ येतात आणि उजवीकडे ४. गोलाला पृष्ठ १ आणि बाकी काहीच नाही, तेव्हा १ आणि २ यांची बरोबरी करावी लागते. शंकूला पृष्ठे २, कड १, शिरोबिंदू १ असल्यामुळे तिथे योगायोगाने ३ = ३ असे जुळते, आणि हा योगायोगच सर्वांत घातक आहे, कारण चाणाक्ष विद्यार्थी नेमका शंकू तपासतो आणि विधान खरे मानून पुढे जातो.

आठवीच्या वर्गात या चुकीचा मला उपयोगच करून घेता आला. वृत्तचितीच्या वक्रपृष्ठावर मार्करने वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली आणि ती वरच्या व खालच्या वर्तुळाला जिथे मिळते ते दोन बिंदू शिरोबिंदू मानले. आता पृष्ठे ३, शिरोबिंदू २ आणि कडा ३ झाल्या; ३ + २ = ३ + २. सूत्र पुन्हा जमले. वक्रपृष्ठ त्या रेघेवर कापून उलगडले की त्याचा आयत होतो, म्हणजे ती रेघ ओढल्यावरच ते पृष्ठ बहुभुजाकृतीसारखे वागू लागते, हे मुलांना घडणी हातात असल्यामुळे लगेच पटले. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने या एका रेघेची सूचना दिली असती, तर चुकीच्या विधानाच्या जागी एक उत्तम कृती छापली गेली असती.

घडणींविषयी थोडक्यात सांगते. त्यांचा पत्रा बऱ्यापैकी टिकाऊ आहे, रंग डोळ्यांना सुखावणारे आहेत, आणि घडणी आकाराच्या आतून काढून जमिनीवर पसरल्यावर ‘एकूण पृष्ठफळ’ म्हणजे नेमके काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्रिकोणी सूचीची घडणी मात्र महिन्याभरातच घडीवर फाटली. घनाची दिलेली घडणी नेहमीची क्रॉसच्या आकाराचीच आहे. घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडणी होतात, आणि त्या शोधण्याचा आनंद मुलांना द्यायचा असेल तर पुठ्ठ्याचे सहा चौरस आणि चिकटपट्टी वेगळी घ्यावी लागते. गोलाला घडणी दिलेली नाही, ती देताच येत नाही. परंतु ती का नाही, याबद्दल पत्रकात एक ओळही नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबली की ती फाटते किंवा चुरगळते, एवढे लिहिणेही पुरेसे झाले असते.

पृष्ठफळाच्या प्रयोगांना हा संच पूर्णपणे उतरतो. अर्धगोलाच्या वक्रपृष्ठावर दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे लावून मी माथ्यापासून सुतळी गुंडाळत आणली, ती वेढ्याला वेढा लागून कडेपर्यंत. मग तीच सुतळी उलगडून कागदावर ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात गुंडाळली. एक वर्तुळ भरले, तेव्हा हातात जवळपास निम्मी सुतळी शिल्लक होती. दुसरे वर्तुळही भरले आणि बोटभर तुकडा उरला. अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ दोन वर्तुळांएवढे, म्हणून गोलाचे चार वर्तुळांएवढे. लीलावतीत हेच सांगताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे चेंडूभोवतीच्या जाळीसारखे गोलाचे पृष्ठफळ, अशी उपमा दिलेली आहे. सुतळीने वेढलेला अर्धगोल हातात धरून ती उपमा वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता होती.

शंकूच्या बाबतीत लंब उंची आणि तिरकस उंची यांत होणारा गोंधळ दहावीत दर वर्षी गुण घालवतो. झाकणाच्या मध्यावर चिकणमातीच्या गोळीत उदबत्तीची काडी टोकापर्यंत पोचेल अशा बेताने उभी रोवली आणि त्यावर शंकू बसवला, की लंब उंची आत उभी दिसते आणि तिरकस उंची बाहेरून पट्टीने मोजता येते. पट्टीवर ती ८.९ सेंटिमीटरच्या किंचित पुढे येते. ४ चा वर्ग आणि ८ चा वर्ग यांची बेरीज ८०, आणि ८० चे वर्गमूळ ८.९४. काडी, तळाची त्रिज्या आणि तिरकी बाजू यांचा काटकोन त्रिकोण पारदर्शक भिंतीतून समोरच उभा असतो.

आता ज्या कारणासाठी दहावीचे शिक्षक हा संच घेतील, त्या प्रयोगाकडे येते. शंकूचे घनफळ समान तळाच्या व समान उंचीच्या वृत्तचितीच्या एक-तृतीयांश असते, म्हणून तीन शंकू पाण्याने वृत्तचिती काठोकाठ भरली पाहिजे. संचाच्या खोक्यावर याच प्रयोगाचे चित्र आहे. मी वर्गात पाण्यात लाल रंगाचे चार थेंब टाकले, शंकू काठोकाठ भरून तीन वेळा वृत्तचितीत ओतला, आणि पाणी काठाच्या खाली थांबले. वर सात मिलिमीटरची फट राहिली. सांडले असेल म्हणून पुन्हा केले, तरी तेवढीच फट. मग चौकोनी सूची आणि घन घेतले. तीन सूची ओतल्या आणि तिथेही सात मिलिमीटर. वृत्तचितीतली फट भरून काढण्यासाठी चौथ्या शंकूतले जवळजवळ एक-तृतीयांश पाणी लागले. ‘‘म्हणजे सूत्र बरोबर नाही का?’’ असा प्रश्न आला, आणि तो अगदी रास्त होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी व्हर्निअर कॅलिपरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाने, सर्व आकारांच्या भिंती मोजल्या. सगळीकडे जाडी २ मिलिमीटर आहे. खोक्यावर छापलेली ८ सेंटिमीटरची मापे बाहेरची आहेत. वृत्तचितीचा आतला व्यास ७.६ सेंटिमीटर आणि आतली उंची ७.६ सेंटिमीटर भरते. त्यामुळे बाहेरच्या मापांनी तिचे घनफळ ४०२ घनसेंटिमीटर येत असले, तरी तिच्यात पाणी मावते ३४५ मिलिलिटर. शंकूचे बाहेरून १३४ घनसेंटिमीटर, आत मात्र सुमारे १०४ मिलिलिटर. म्हणजे भिंतीने वृत्तचितीचा सुमारे १४ टक्के भाग खाल्ला आणि शंकूचा सुमारे २२ टक्के. १०४ ची तिप्पट ३१२, आणि ३१२ व ३४५ यांतला फरक म्हणजेच ती सात मिलिमीटरची फट.

एकाच जाडीच्या भिंतीने शंकूचा वाटा जास्त का खावा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. भिंत पृष्ठभागावर बसते. म्हणून दर घनसेंटिमीटरमागे पृष्ठफळ जितके जास्त, तितके भिंतीमुळे होणारे नुकसान जास्त. वृत्तचितीला दर घनसेंटिमीटरमागे ०.७५ चौरस सेंटिमीटर पृष्ठफळ आहे, शंकूला १.२१. शंकू टोकाकडे निमुळता होत गेल्यामुळे आत जागा थोडी आणि भोवती पृष्ठ फार, अशी त्याची घडण आहे. चौकोनी सूचीचे हेच गुणोत्तर घनाच्या तुलनेत नेमके तेवढेच वाढलेले आहे, म्हणून तिची फटही तेवढीच.

हे लक्षात आल्यावर मी गोल घेतला. त्याचे दोन्ही अर्धे भाग भरून वृत्तचितीत ओतले, आणि पाणी आतल्या उंचीच्या बरोबर दोन-तृतीयांशावर, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या जरा वर, येऊन थांबले. इथे भिंतीने काहीच बिघडवले नव्हते. कारण प्राचीन ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजने दाखवल्याप्रमाणे गोल हा त्याला नेमक्या सामावणाऱ्या वृत्तचितीच्या घनफळानेही दोन-तृतीयांश असतो आणि एकूण पृष्ठफळानेही. दोन्ही एकाच प्रमाणात असल्यामुळे गोलाचेही गुणोत्तर ०.७५ च येते, आणि दोन मिलिमीटरची भिंत दोघांकडून सारखाच वाटा घेते. याच शोधाची आठवण म्हणून त्याच्या सिराक्यूजच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती, आणि सुमारे १३७ वर्षांनी सिसेरो या रोमन वक्त्याने ती झुडपांतून शोधून काढली. गोलाचा प्रयोग बिनचूक जमतो आणि शंकूचा जमत नाही, यामागचे कारण शोधताना आर्किमिडीजच्या त्या प्रमेयाचा दुसरा, पृष्ठफळाचा अर्धा भाग मला पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडला.

हे सारे शोधताना मला आनंद झाला, हे खरे. तरीही निर्मात्याला यातून सूट देता येणार नाही. ज्या शिक्षकाजवळ कॅलिपर नाही आणि ज्याचा तास पस्तीस मिनिटांचा आहे, त्याच्या वर्गात ही फट राहिली की तो एकतर चौथ्या शंकूचे थोडे पाणी गुपचूप ओततो किंवा ‘थोडीफार चूक व्हायचीच’ असे म्हणून पुढे जातो. दोन्ही वेळी मुलांना एक चुकीची गोष्ट शिकवली जाते. उपाय अवघड नाही. साचा करताना ८ सेंटिमीटरची मापे आतून घ्यावीत आणि भिंतीची जाडी बाहेर वाढू द्यावी. तसे शक्य नसेल, तर खोक्यावर आतली मापे आणि प्रत्येक आकारात मावणारे पाणी निदान छापावे. विक्रेत्याला मी सर्व मोजमापांसह सविस्तर लिहिले होते. उत्तरादाखल बदली संच पाठवण्याची तयारी दाखवण्यात आली, पण बदली संचही त्याच साच्यातला असल्याने त्यातून काहीच साधले नसते.

शंकूच्या एका प्रयोगाला मात्र या जाडीची बाधा होत नाही, म्हणून तो अवश्य करावा. शंकू टोक खाली करून काचेच्या पेल्यात उभा ठेवावा आणि उंचीच्या निम्म्यापर्यंत पाणी भरायला किती लागेल, हे मुलांना विचारावे. माझ्या वर्गातले बहुतेक अंदाज ४० ते ५० मिलिलिटर असे आले. प्रत्यक्षात १३ मिलिलिटर पाणी पुरले, म्हणजे पूर्ण शंकूचा आठवा भाग. उंची निम्मी झाली की त्रिज्याही निम्मी होते आणि घनफळ अर्ध्याच्या घनाने, म्हणजे एक-अष्टमांशाने, उरते. पाण्याच्या वरची रिकामी जागा म्हणजेच शंकूछेद (टोक कापून टाकलेला शंकू), आणि उरलेले सात भाग त्याचे. दहावीला शंकूछेद असूनही संचात तो आकार नाही, ही उणीव या प्रयोगाने बरीच भरून निघते.

पाण्याऐवजी कोरडे काही वापरायचे असेल तर बारीक मीठ सर्वांत बरे. साबुदाणा टोकात नीट शिरत नाही आणि रवा प्लॅस्टिकला चिकटून बसतो. माझ्या संचातली षटकोनी चिती एका कडेच्या जोडातून झिरपत होती. बाहेरून पारदर्शक गोंदाची रेघ दिल्यावर थांबली. झाकणे सुरुवातीला फार घट्ट असतात आणि सहावीच्या मुलांना ती काढता येत नाहीत, नखांनी ओढताना काठावर चरे पडतात. पुसायला मऊ फडकेच घ्यावे, फळ्याचे डस्टर लावले तर आठवड्यात पारदर्शकता जाते.

सहावी ते आठवीसाठी, म्हणजे पृष्ठे, कडा, शिरोबिंदू, घडणी आणि पृष्ठफळ शिकवण्यासाठी, हा संच मी मोकळेपणाने सुचवते. चाळीस मुलांच्या वर्गाला एक संच पुरत नाही, चार गटांना मिळून निदान दोन हवेत. नववी-दहावीच्या शिक्षकांनी केवळ घनफळाच्या प्रयोगासाठी तो घेऊ नये. जवळच्या पत्र्याच्या दुकानातून आतली मापे सांगून शंकू आणि वृत्तचितीची जोडी करून घ्यावी. पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असल्यामुळे तिथे भिंतीचा प्रश्नच उरत नाही. मी तशी जोडी दिवाळीच्या सुटीत करून घेतली आहे, आणि तिच्यात तिसऱ्या शंकूचे पाणी काठाला येऊन टेकते.